नाकारलेल्या भूमिका: सांगलीतल्या कार्यक्रमासाठी खात्रीची उदाहरणं हवीत

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या चित्रपट मंडळाचा दीड तासाचा कार्यक्रम आहे. विषय: एकाच्या हातून निसटलेली आणि दुसऱ्याने गाजवलेली भूमिका. नेटवर अशा याद्या ढिगाने सापडतात, पण त्यातलं बरंचसं ऐकीव. समोर बसणारे लोक नाटक-सिनेमा कोळून प्यायलेले. एक विधान चुकलं की पुढचं कुणी मनावर घेत नाही. तर खात्रीची उदाहरणं कोणती, मराठीतलं काय घ्यावं, आणि नुसतं बोलत न बसता रंगमंचावर काय करून दाखवता येईल?

पडद्यामागे
उदाहरण निवडताना आधी बघा की भूमिका हातून गेली कशामुळे. सगळीकडे 'नकार दिला' असं ठोकून दिलेलं असतं, पण कारणं फार वेगवेगळी असतात आणि खरी गंमत त्यांतच आहे.

'शोले'चा गब्बर घ्या. डॅनीला ही भूमिका नको होती असं अजिबात नाही. फिरोज खानच्या 'धर्मात्मा'ला त्याने आधीच तारखा दिल्या होत्या, आणि ते चित्रीकरण अफगाणिस्तानात होतं. तारखा जुळेनात म्हणून तो बाहेर पडला. मग लेखक सलीम-जावेद यांनी अमजद खानचं नाव सुचवलं. पुढे चित्रीकरण सुरू झाल्यावर त्याचा आवाज गब्बरला बारीक पडेल अशी शंका निघाली. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी मात्र त्याला बदललं नाही. आज तोच आवाज पोराटोरांच्या तोंडी आहे. कार्यक्रमात डॅनीपेक्षा या आवाजाच्या शंकेवर जास्त वेळ द्या. निवड झाल्यावरही कशी डळमळीत असते, ते त्यातून कळतं.

प्रतिमेमुळे गेलेली भूमिका हवी असेल तर 'जंजीर' (१९७३). हिरो हसत नाही, त्याला गाणं नाही. हे त्या काळच्या मोठ्या नटांना परवडणारं नव्हतं. देव आनंद, राज कुमार, धर्मेंद्र अशी नावं होऊन ती भूमिका अमिताभपर्यंत आली. 'बाजीगर' (१९९३) सलमानने सोडला, तो नायक खुनी आहे म्हणून. आणि 'प्यासा'साठी गुरुदत्तला दिलीपकुमार हवे होते. 'देवदास' १९५५चा, 'प्यासा' १९५७चा. लागोपाठ तसाच खचलेला माणूस त्यांना करायचा नव्हता. शेवटी गुरुदत्त स्वतःच उभा राहिला.

करारामुळे अडकलेला नट बघायचा तर हॉलिवूडचा टॉम सेलेक. इंडियाना जोन्स त्याच्या हातात आला होता, पण टीव्ही मालिकेच्या करारातून वाहिनीने सोडलं नाही आणि हॅरिसन फोर्डचं नशीब उघडलं.

'मदर इंडिया'चा बिरजू जपून वापरा. दिलीपकुमारांचं नाव पुढे होतं, पण नर्गिसचा मुलगा व्हायला त्यांनीच नकार दिला असंही सांगतात आणि आपल्या नायकाची आई व्हायला नर्गिस तयार नव्हती असंही. दोघांनी आधी 'मेला', 'अंदाज'मध्ये जोडीने काम केलं होतं, तेव्हा दोन्ही पटण्यासारखं आहे. दोन्ही सांगा, निकाल देऊ नका.

मेणवलीकर
आपल्या भागातला 'स्वदेस' (२००४) विसरू नका. त्यातलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, चित्रीकरण मात्र वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर. त्यातला नायक मोहन भार्गव (शेवटी शाहरुखने केला) आधी हृतिक रोशनकडे गेला होता, हे हृतिकने स्वतः सांगितलंय. त्याच दिग्दर्शकाचा, आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' तर आणखी भारी. कथेची नुसती कल्पना ऐकून आमिर नाही म्हणाला, पूर्ण संहिता ऐकल्यावर हो म्हणाला आणि निर्माताही झाला. कल्पना आणि बांधलेली संहिता यात केवढा फरक असतो, ते यातून दिसतं.

एक नट बदलला की साखळी कशी हलते, त्याला 'मुन्नाभाई' घ्या. मुन्ना शाहरुख करणार होता आणि संजय दत्त करणार होता झहीरची, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची भूमिका. शाहरुख पाठीच्या दुखण्यामुळे बाहेर पडला, संजय दत्त मुन्ना झाला आणि झहीर जिमी शेरगिलकडे गेला.

रंगपट
मराठीत शोधताय तर थेट मुळाशी जा. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३). तारामती करायला फाळक्यांना बाई मिळेना. पडद्यावर काम करणं एवढं कमीपणाचं समजलं जायचं की वेश्यावस्तीतूनही नकार आला. शेवटी मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंनी साडी नेसली. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच. विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'पासून (१८४३) पुरुषांनी नटवलेल्या सीता बघितलेल्या सांगलीत हे उदाहरण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं 'नटसम्राट'. साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. लागूंनी १९७० मध्ये अप्पा बेलवलकर उभे केले, नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केले. नाटकात तीच भूमिका दोघातिघांकडून बघून ताडता येते. सिनेमात दुसरा गब्बर बघायला मिळतच नाही, सगळं अंदाजावर.

म्हणून रंगमंचावर हे करा. दोन पात्रांचा एका पानाचा प्रवेश नवा लिहून घ्या, तीन मिनिटांत संपणारा. समोरचं पात्र तेच ठेवा, मुख्य भूमिकेत दोन वेगळ्या अंगकाठीचे आणि आवाजाचे नट एकामागून एक उभे करा. शब्द, हालचाली, प्रकाश काही बदलायचं नाही. गाजलेला संवाद घेऊ नका. नट मूळच्या नटाची नक्कल करायला लागतो आणि टाळ्या नकलेला पडतात. दुसऱ्या नटाला पहिल्याची तालीम बघू देऊ नका, नाहीतर तो मुद्दाम उलटं करतो. आणि समोरच्या पात्राकडे बघायला सांगा प्रेक्षकांना: मुख्य नट बदलला की त्याच्या प्रतिक्रियेचा वेगही बदलतो. निवडीचा खरा परिणाम तिथे दिसतो.

कृष्णाकाठ
हे झकास. 'प्यासा'ची क्लिप दाखवली तर चालेल का? जुनाच आहे म्हणून विचारतो.

पडद्यामागे
आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात, म्हणजे १९५७चा चित्रपट २०१७ अखेर सुटला. पण गाण्याचे शब्द, चाल आणि पटकथा यांचे हक्क वेगळे; ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'प्यासा'चे गीतकार साहिर १९८०ला गेले. तेव्हा तिकीट लावून 'प्यासा'चं गाणं दाखवायचं तर परवानगी काढा. बिनधास्त दाखवता येईल असा तुमच्या यादीत 'राजा हरिश्चंद्र' आहे, आणि त्याचे उरलेले भाग तसेही थोड्याच मिनिटांचे आहेत. मूकपट आहे, पेटी-तबला आधी सांगून ठेवा.