मदत हवी आहे: माईकची भीती कशी घालवायची?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरला दर रविवारी सकाळी १५-२० जण जमून बोलायची प्रॅक्टिस करतो, पद्धत टोस्टमास्टर्ससारखीच (भाषणाचा सराव करणारे क्लब असतात ते), म्हणजे पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटांचं, वेळ कळावी म्हणून ४ ला हिरवं कार्ड, ५ ला पिवळं, ६ ला लाल. आमच्यात एक ताई आहेत, शिलाईकाम करतात, पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगतानाच त्यांना रडू आलं होतं आणि परवा त्याच ताई सोयाबीनच्या पेरणीवर ५ मिनिटं बोलल्या, कागद न बघता!! लई भारी वाटलं बघा, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर त्यांनी गल्लीत २ मिनिटं तरी बोलावं असं आम्हाला वाटतंय, पण त्या म्हणतात माईक बघितला की घसा कोरडा पडतो, अन् माझी बोली गावाकडची, लोक हसतील. बोली बदलायची काहीच गरज नाही हे माझं ठाम मत आहे, पण माईकचं काय करावं? आधी घरी सराव कसा करून घ्यायचा? अन् त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा का, की त्यानं त्या अजूनच लाजतील? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.