विषय: मावशींच्या घरची लाईट कापली – सरकारी मदत कशी मिळते?

क्लीव्हलँडहून, १४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाचे हिशेब चालू असताना मध्येच हे लिहितो आहे, पण राहवत नाही.

माझं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. बाबांच्या काळापासून आमच्याकडे जे सालदार होते, त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मागे त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, आणि त्यांची नात, घरकुलाच्या दोन खोल्यांत. आई आजारी होती त्या वर्षी मी दोन वेळचं मावशींच्याच चुलीपाशी जेवलो आहे.

परवा फोन केला तर नात म्हणाली, "मामा, दिवाळीच्या आधीच लाईट कापली." थकबाकी ४,३०० रुपये. सध्या कापूस वेचणी चालू आहे, मावशी सकाळी सातला जातात त्या अंधार पडता येतात. नात दहावीला आहे आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावरच्या बल्बखाली अभ्यास करते.

महाराष्ट्रात मोफत विजेची योजना आली असं मी वाचलं होतं. मग हे बिल कशाचं? आणि दुसरं, आपल्या इथल्या मंडळाच्या मदतनिधीतून मावशींचं बिल दर महिन्याला भरता येईल का? पाच-सातशे रुपयांचाच प्रश्न आहे. मी एकटाही भरेन, पण गावात अशी आणखी दहा-बारा घरं आहेत.

---

मिनियापोलिसहून, १४ नोव्हेंबर

दादा,

तिकडचं मला ठाऊक नाही, इथलं सांगते, कारण गेल्या तीन हिवाळ्यांपासून मी इथल्या एका सामाजिक संस्थेत लोकांचे अर्ज भरून द्यायला जाते.

इथे कमी उत्पन्नाच्या घरांसाठी लाइहीप नावाचा केंद्राचा निधी आहे, १९८१ पासूनचा. पैसे केंद्राचे, वाटप राज्यांचं. मंजूर झालेली रक्कम बहुतेक वेळा घरच्यांच्या हातात येत नाही, सरळ वीज किंवा गॅस कंपनीकडे त्यांच्या खात्यावर जमा होते. यंदा वॉशिंग्टनमधलं सरकारी कामकाज महिनाभराहून जास्त बंद होतं, त्यामुळे पैसे राज्यांना उशिरा मिळताहेत आणि आमच्याकडे लोक थंडीत खेटे घालताहेत.

पण मिनेसोटात एक नियम फार मोलाचा आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात माणसाने कंपनीशी हप्ते ठरवले आणि ते भरत राहिला, तर घर गरम ठेवणारी जोडणी तोडता येत नाही. थकबाकी माफ होत नाही, पण उणे पंचवीसमध्ये कुणी अंधारात गारठत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यासाठी असं काही आहे का? माझं माहेर ब्रह्मपुरीचं. मे महिन्यात तिथे पंखा बंद पडला तर म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

---

आर्वीहून, १५ नोव्हेंबर

बेटा, आणि ब्रह्मपुरीच्या लेकी,

मला ईमेलच्या यादीवरून काढलं नाही याबद्दल मंडळाचे आभार. चोवीस वर्षं न्यू जर्सीत काढून मी आर्वीला परत आले त्याला आता सहा वर्षं होतील. बचत गटाच्या बायकांसोबत बसते, त्यांची बिलं वाचते, अर्ज लिहिते. तेव्हा हे सगळं रोजच्या पाहण्यातलं आहे.

आधी मोफत विजेचं. ती योजना शेतीपंपांची आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार भरतं, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी. घरच्या मीटरचा तिच्याशी काही संबंध नाही. हा घोळ तुझा एकट्याचा नाही, इथेही बायका विचारतात, "फुकट म्हणते ना सरकार, मंग बिल काहून येते?" २०१७ ची सौभाग्य योजनाही तशीच समजून घ्यावी लागते. गरिबाला जोडणी फुकट मिळाली, एलईडी दिवे मिळाले. वापरलेल्या युनिटांचं बिल ज्याचं त्यानेच भरायचं होतं.

घरगुती विजेत गरिबाला खरी सवलत मिळते ती दरात. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या घरांचा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा दर फार कमी. पण त्याला अट आहे, वर्षभरात ३६० युनिटांच्या आत राहायचं, म्हणजे महिन्याला सरासरी ३०. आर्थिक वर्ष संपलं की वापर मोजला जातो. ३६० ओलांडले की ते घर साध्या घरगुती वर्गात जातं आणि एकदा गेलं की परत त्या स्वस्त वर्गात येत नाही. ही शेवटची गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नसते. आमच्या गटातल्या चार घरांचं असं झालं तेव्हा मलाही कळली.

आता ३० युनिट म्हणजे किती ते बघ. साधा जुना पंखा ७०-७५ वॅटचा. चौदा तास फिरला तर दिवसाला एक युनिट. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नुसता एक पंखा महिन्याचे ३० खातो. दिवा, टीव्ही, मोबाईल हे हिवाळ्यात वाचवलेल्या युनिटांवर चालवायचं.

लेकी, तू विचारलंस तसा उन्हाळ्याचा नियम आपल्याकडे नाही आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ आहे. थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलच चुकीचं वाटत असेल तर हरकत नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरता येते, मग वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. पण नोटीस सोडली तर हे सगळं बिलाच्या वादासाठी. बिल बरोबर आहे आणि भरायला पैसे नाहीत, अशा घरासाठी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून हप्ते मागायचे, हाच रस्ता. अर्जाची पोच घ्यायचीच.

बेटा, मला चार गोष्टी कळव. मीटर कोणाच्या नावावर आहे? बिलावर वर्ग काय लिहिला आहे? मागच्या बारा महिन्यांचे युनिट किती? आणि आधी बिल किती यायचं? नातीला बिलाचा फोटो पाठवायला सांग. बारा अंकी ग्राहक क्रमांक मिळाला तर बिल तुला तिथे बसूनही दिसेल. मंडळाकडून दर महिन्याला पैसे, हे तोवर थांबव.

---

क्लीव्हलँडहून, १७ नोव्हेंबर

काकू,

फोटो आला. मीटर अजून काकांच्याच, म्हणजे मावशींच्या नवऱ्याच्या, नावावर आहे. वर्ग साधा घरगुती. नातीने जुनी बिलं एका पिशवीत जपून ठेवली आहेत, तिने सगळी वाचून दाखवली. २०२३-२४ मध्ये एकूण ३१८ युनिट आणि बिलावर दारिद्र्यरेषेखालचा वर्ग. २०२४-२५ मध्ये ५१२. यंदाच्या एप्रिलपासून वर्ग बदललेला दिसतो आणि बिल एकदम वाढलं. मे महिन्यात सर्वांत जास्त, ८८ युनिट. मावशींनी एक बिल भरलं, मग सोयाबीनचे पैसे अडकले आणि पुढची राहिली.

२०२४ च्या उन्हाळ्यात असं काय बदललं हे मी नातीला विचारलं. ती आधी बोलेना. मग म्हणाली, "मामा, तुम्ही कूलर पाठवला न."

हो, मीच पाठवला होता. त्या वर्षी पारा ४५ च्या वर गेला होता. मी दारव्ह्याच्या दुकानदाराला इथून पैसे पाठवले आणि गाडीने घरपोच करायला लावला. दोन रात्री मला त्या समाधानात झोप लागली होती.

---

आर्वीहून, १७ नोव्हेंबर, रात्री

बेटा,

तू पाठवलास ते बरोबरच केलंस. त्या उन्हात मावशी चार रात्री शांत झोपल्या असतील तर ते वाया गेलेलं नाही. पण काय झालं ते नीट समजून घे, कारण या यादीवरचे कितीतरी जण दर उन्हाळ्यात असंच काहीतरी गावी पाठवतात.

साधा कूलर १८० वॅटच्या आसपास. रात्रभर चालला तर महिन्याला ५० युनिट. चार महिन्यांचे दोनशे. ३१८ मध्ये दोनशे मिळव, तुला ५१२ चा हिशेब लागतो. स्वस्त वर्ग तिथेच गेला. आणि आणखी एका ठिकाणी फटका बसला.

राज्याने यंदा छतावरच्या सौरऊर्जेची स्मार्ट नावाची योजना आणली आहे, खास गरीब घरांसाठी. एक किलोवॅटचा संच साधारण ५०,००० चा. त्यात केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे ३०,००० येतात. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्य वर १७,५०० देतं, म्हणजे घरचे फक्त २,५००. त्या वर्गात नसलेल्या पण महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला राज्य १०,००० देतं आणि घरच्यांना १०,००० भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना फक्त ५,००० भरावे लागतात. मावशी आता दुसऱ्या गटात. पण त्यांचा सर्वांत मोठा महिना ८८ चा आहे, म्हणून दार अजून उघडं आहे. १०० ओलांडले असते तर तेही बंद होतं.

एक किलोवॅटचा संच महिन्याला १२० युनिटांच्या आसपास वीज देतो. मावशींचं सगळं घर, कूलरसकट, त्यात बसतं. घरकुलाला स्लॅब आहे हेही बरंच झालं.

पण क्रम चुकवू नकोस. थकबाकी आधी, कारण थकबाकीदाराला ही योजना नाही. ४,३०० तू एकदाच भर, पुरवठा जोडून घे. मग नाव. काका जाऊन सहा वर्षं झाली आणि मीटर, घर दोन्ही त्यांच्या नावावर. ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला देऊन आधी घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा, मावशींच्या नावावर करायला लाव, मग तो जोडून मीटरचा नावबदल. दुसरे वारस असतील तर त्यांची ना हरकत लागेल. ग्रामसेवक आठवड्यातून कोणत्या दिवशी येतात ते विचारून नातीने शाळेतून परस्पर जावं, मावशींची वेचणीची मजुरी बुडवू नये. बँकेचं खातं, आधार आणि मीटर यांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगने हवं. आमच्याकडे एका बाईचं अनुदान केवळ 'बाई' हा शब्द एकीकडे असून दुसरीकडे नसल्यामुळे पाच महिने अडकलं होतं.

उन्हाळ्याआधी एक कमी विजेचा पंखा पाठव, बीएलडीसी म्हणतात तो. २८-३० वॅटचा असतो. चौदा तास चालून महिन्याला १२-१३ युनिट. ज्या घरांचा स्वस्त वर्ग अजून टिकून आहे, तुझ्या त्या दहा-बारांपैकी, त्यांना तर हाच पंखा पाठवा. त्यांना कूलर पाठवायचाच असेल तर सौर संच बसल्यावर.

गॅसचंही विचारून घे. उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर केंद्राचे सिलेंडरमागे ३०० रुपये मिळतात, यंदा वर्षाला नऊ सिलेंडरांपर्यंत. शिवाय राज्याची अन्नपूर्णा योजना आहे, वर्षाला तीन सिलेंडर मोफत. मोफत म्हणजे आधी दुकानात पूर्ण पैसे मोजायचे, खात्यात मागाहून येतात. हातात एकदम साडेआठ-नऊशे रुपये नसतात, म्हणून सिलेंडर कोपऱ्यात रिकामं उभं राहतं आणि चुलीत पऱ्हाट्या नि तुराट्या जळतात. मंडळाला खरंच काही करायचं असेल तर तुमच्या गावच्या बचत गटातल्या बायकांनी सिलेंडरपुरती रक्कम आपसात फिरती ठेवावी, अनुदान आलं की परत टाकावी. आमच्या गटात नऊ घरांचं असं चाललं आहे, एकही रुपया बुडालेला नाही.

---

क्लीव्हलँडहून, २३ नोव्हेंबर

काकू, ताई, मंडळी,

मंगळवारी थकबाकी भरली, गुरुवारी संध्याकाळी जोडणी झाली. नातीने बल्बचा फोटो पाठवला, नुसत्या बल्बचा.

मावशींशी बोललो. वर्ग बदलला हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं, पण कूलरने बिल वाढतं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणाल्या, "तू येवढ्या दुरून पाठवला, तुले कसं सांगू का बिल झेपत नाही म्हणून. यंदा मे अर्धा झाला तसा म्या झाकूनच ठेवला तो." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

ग्रामसेवक बुधवारी येतात. मृत्यूचा दाखला घरात होता, नमुना ८ साठी अर्ज दिला आणि पोच घेतली. काकांच्या एका पुतण्याची ना हरकत बाकी आहे, तो पुण्याला असतो, त्याच्याशी मी बोलतो.

मंडळाकडे केलेली मागणी बदलतो. दर महिन्याचे पैसे नकोत. नावबदल झाला की सौर संचासाठी घरच्यांचा वाटा एकदाच द्यावा. जातीचा दाखला सापडला तर ५,०००, नाहीतर १०,०००. बाकीच्या घरांची बिलं नात शनिवारी गोळा करते आहे. कोण ३६० च्या आत आहे आणि कोण बाहेर गेलं, ते आधी पाहू. जी घरं आत आहेत त्यांच्यासाठी मार्चच्या आधी पंखे. पहिला मावशींचा, दारव्ह्याच्या त्याच दुकानातून. डब्यावर किती वॅट लिहिले आहेत त्याचा फोटो पाठवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, असं दुकानदाराला सांगितलं आहे.