तिसरीच्या पोरांना ‘बुलिंग’ कशाला शिकवायचं?

कोकणी_काका: मुलाच्या शाळेचं पत्रक आलंय. दर शनिवारी तिसरीला ‘बुलिंग ओळखा, थांबवा’ असा तास. चिडवाचिडवी आमच्याही वेळी होती. एक ठेवून दिली की विषय संपायचा. असल्या फॅडांनी पोरं नाजूक होतात.

दोन_पोरांची_आई: ज्याच्या हातात जोर, त्याचा विषय संपायचा, काका. माझ्या लेकीच्या डब्यात सुकट दिसली की मुली नाक धरून दुसऱ्या बाकावर जायच्या. डबा रोज तसाच परत. हातही न लावता वाळीत टाकलं, मग ठेवून द्यायची कुणाला? आणि हा तास फक्त तिच्यासाठी नाही, बघून खिदळणाऱ्या बाकीच्यांसाठी आहे. फिनलंडमध्ये टुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ कार्यक्रम आखला, त्यात मोठा भर या बघ्यांवरच आहे.

खडूस_मास्तर: फिनलंड! आमच्या झेडपीच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यात निवडणुकीची कामं. हा तास घ्यायला फिनलंडहून कोण येणार? मुलांच्या सुरक्षिततेसाठी 2022 च्या जीआरची सखी सावित्री समिती आहे की. फलक लावलाय, बैठकीचं विचारू नका.

फळ्यावरचं_नाव: आधी मॉनिटर बंद करा. सर चहाला गेले की हा खडू घेऊन उभा. पेन्सिल दिली तर नाव पुसणार, नाही दिली तर नावापुढे फुल्या वाढवणार. खंडणीचं पहिलं शिक्षण तिथेच.

खडूस_मास्तर: चहाला?? ऑनलाइन माहिती भरायला जातो आम्ही! मॉनिटर नसेल तर दोन वर्गांची पोरं तुम्ही येऊन सांभाळा.

दोन_पोरांची_आई: मॉनिटरचा वेगळा धागा काढा ना!

फळ्यावरचं_नाव: का? विषय हाच आहे. आमच्या बाई हजेरीला मला ‘ढोल्या’ म्हणायच्या, अख्खा वर्ग ‘हजर’ ओरडायचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 वाचा. मारच नाही, मानसिक छळही बंद आहे. तास आधी शिक्षकांचा घ्या.

खडूस_मास्तर: घ्या! शनिवारी तेवढाच आराम.

कोकणी_काका: बरं बाई, डब्याचं पटलं. नाहीतरी शनिवारी पीटीच्या नावाखाली मैदानातले कागदच वेचायला लावतात, त्यापेक्षा हे बरं. पण आमच्या पोराला याची काही गरज नाही. त्याला वर्गात सगळे वचकून असतात.

फळ्यावरचं_नाव: मॉनिटर आहे का हो तो?

कोकणी_काका: आहे. मग?