संशयकल्लोळ: फाल्गुनराव कुणाला द्यावा?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी. विलेपार्ले पूर्वेला आमची ३२ बिऱ्हाडांची सोसायटी आहे. यंदा गणपतीत देवलांचं संगीत नाटक 'संशयकल्लोळ' करायचं ठरलंय, पदं कमी करून दोन तासांत. बसवायचं माझ्याकडे आलंय. रविवारी गच्चीवर वाचन घेतलं, १४ जण आले.

अडलंय ते फाल्गुनरावापाशी, म्हणजे नाटकातल्या संशयी नवऱ्यापाशी. आमचे एक काका आहेत, वय ६६. सोसायटीचा एकही कार्यक्रम त्यांच्याशिवाय झालेला नाही. पहिलंच वाक्य त्यांनी असं काही वाचलं की पोरं गडाबडा लोळली. दुसरा बी विंगमधला, बस कंडक्टर. स्टेजवर कधीच चढलेला नाही. वाचताना अडखळला, दोनदा ओळच चुकला. पण बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते, त्या जागी त्याचा आवाज एकदम खाली गेला. क्षणभर कुणी हसलंच नाही. मग सगळे हसले, आणि हसताहसता मला त्या माणसाची दया आली.

मला तोच हवाय. पण काकांना कोणत्या तोंडाने सांगू?

शिवाय नायक अश्विनशेठसाठी जो गाणारा मिळालाय, तो गातो सुरेख, पण संवाद पाढे म्हटल्यासारखे म्हणतो.

विंगेतला
कंडक्टरला घ्या. आपण विनोदी आहोत हे फाल्गुनरावाला ठाऊकच नसतं. त्याच्या घरात त्याच्या मते आग लागलेली असते. नटाने प्रेक्षकांकडे बघून तोंड वाकडं केलं की हशा येतो, पण संशय मरतो, आणि मग दुसऱ्या अंकात हसायला काही उरत नाही.

मात्र ताई, तुम्ही फाल्गुनरावाच्या बायकोबद्दल, कृत्तिकेबद्दल, एक अक्षर लिहिलेलं नाही. हे नाटक नवरा-बायको दोघांच्या संशयाचं आहे. तो चक्कर आलेल्या रेवतीला, अश्विनशेठच्या प्रेयसीला, सावरतो, ते ही बघते. हिच्या हातात तसबीर असते, ते तो बघतो. दोन्ही पारडी सारखी हवीत. एकेकट्याचं वाचन घेऊन काही कळत नाही. जोड्या लावा, उलटसुलट करून बघा. एक खोटी तसबीर हातात द्या. दोघं एकमेकांचं ऐकतात की आपल्या ओळीची वाट बघत थांबतात, एवढंच बघायचं.

या नाटकाचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरकडे, १६६० साली. त्यातल्या संशयी नवऱ्याचं, सगानारेलचं काम तो स्वतः करायचा. तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात, आणि मर्फीवरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' लिहिलं, तेही गद्य. पदं घालून गंधर्व मंडळीने ते रंगभूमीवर आणलं १९१६ साली. तेव्हा रेवती होती बालगंधर्वांची आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. म्हणजे पदं कमी केलीत तरी नाटक उभं राहील, ही जोडी कच्ची निघाली तर नाही. आधी ती पक्की करा.

काळी चार
अश्विनशेठ गाणाराच घ्या, त्याला पर्याय नाही. विंगेतून दुसऱ्याचा आवाज लावायचा विचारसुद्धा करू नका, पुढच्या रांगेला लगेच कळतं.

त्याला पदच आधी संवादासारखं म्हणायला लावा, चालीशिवाय. 'कर हा करी धरिला शुभांगी' हे समोरच्या बाईला सांगायचं आहे, समेवर यायची घाई नको. आमच्याकडे एका मुलाचं गद्य असंच सुटलं, तीन आठवडे लागले. आणि रेवती ठरवण्याआधी दोघांची पट्टी बघा. तो काळी एकमध्ये, ती काळी चारमध्ये, तर साथीदाराला आधीपासून सवय हवी.

सुलूमावशी
काकांना घरी जाऊन सांग गं, आणि ग्रुपवर यादी टाकायच्या आधी सांग. आमच्या गिरगावच्या चाळीत पात्रांची यादी फळ्यावर लावली होती. यांनी ती ऑफिसातून येताना जिन्यात वाचली, चार माणसांदेखत. पुढे सहा वर्षं तालमीकडे फिरकले नाहीत. काम गेल्याचं नव्हतं, कुणी बोललंच नाही याचं होतं.

फाल्गुनरावाचा नोकर भादव्या त्यांना दे. पण 'छोटंसंच काम आहे' असं चुकूनही म्हणू नकोस.

पार्लेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी जोड्या लावून वाचन घेतलं. मी मनात धरलेली कृत्तिका कंडक्टरसमोर टिकेना. तळमजल्यावरच्या शाळेतल्या बाई मात्र त्याच्या प्रत्येक वाक्यावर अशा बघत होत्या की त्याची एकही ओळ चुकली नाही. दोघांना कामं दिली.

काकांकडे काल संध्याकाळी गेले. ऐकून बराच वेळ गप्प होते. काकूंनी चहा आणला, तो निवला. मग म्हणाले, "त्याचं पाठांतर कच्चं आहे. ड्युटीवरून आला की माझ्याकडे पाठव." भादव्याचं अजून हो म्हणालेले नाहीत, मीही पुन्हा विचारलं नाही.

अश्विनशेठ पद बोलून दाखवतोय, अजून लाजतो. आता ऑर्गन हवाय. पार्ले-अंधेरीकडे भाड्याने कुठे मिळत असेल तर सांगा.