थायरोग्लोब्युलिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजून घ्यावे का? सल्ला हवा आहे

प्रश्न:
थायरॉइडच्या कर्करोगामुळे संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आमच्या एका रुग्णाचे थायरोग्लोब्युलिन (फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन; ग्रंथी काढल्यावरही रक्तात सापडले तर आजार उरल्याची शंका येते) सलग दोन वेळा ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आले आहे. मात्र त्याविरुद्धची प्रतिपिंडे बरीच वाढलेली आहेत आणि सोनोग्राफीत मानेतील एक लसिकाग्रंथी संशयास्पद दिसते. सर्जन रक्ताचा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजण्याची पद्धत) बाहेर पाठवा म्हणतात. खर्च रुग्णाच्या खिशातून होणार असल्यामुळे विचारतो, पाठवावा का?

उत्तर १:
शंका रास्त आहे. नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसेमध्ये, म्हणजे प्रतिपिंडे वापरून मोजण्याच्या चाचणीत, रुग्णाची प्रतिपिंडे थायरोग्लोब्युलिनला आधीच चिकटून बसतात आणि आकडा खोटाच कमी येतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीत सीरममधील सर्व प्रथिनांचे, त्या प्रतिपिंडांसकट, ट्रिप्सिनने (प्रथिने तोडणारे विकर) तुकडे करतात आणि थायरोग्लोब्युलिनचा एक ठरावीक पेप्टाइड (तुकडा) चुंबकीय मण्यांवरील प्रतिपिंडाने वेचून मोजतात. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधील गटाने ही पद्धत २००८ साली मांडली. वेचल्याशिवाय भागत नाही, कारण एक मिलिलिटर सीरममध्ये सुमारे सात कोटी नॅनोग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतून आपल्याला एखादा नॅनोग्रॅम शोधायचा असतो.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. मोजमापाची खालची मर्यादा किती? ती साधारण ०.५ च्या आसपास असते, म्हणजे तुमच्या सध्याच्या पद्धतीपेक्षा वरच, त्यामुळे फार कमी पातळी तिला दिसत नाही. आणि समस्थानिकाने (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) खूण केलेला मानक पेप्टाइड, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला तुकडा, ट्रिप्सिनच्या आधी घालतात की नंतर? नंतर घालत असतील, तर ट्रिप्सिनने प्रथिनांचे तुकडे करणे (पचन) अपुरे राहिले हे त्या मानकावरून कळत नाही.

उत्तर २:
वरील माहिती बरोबर आहे, पण माझा क्रम वेगळा असता. मानेतील लसिकाग्रंथी दिसतेच आहे, तर आधी सुईने नमुना घ्यावा आणि तीच सुई थोड्या सलाइनमध्ये धुऊन त्या द्रवात थायरोग्लोब्युलिन तपासावे. ग्रंथीत कर्करोग असेल तर तिथला आकडा बहुधा इतका मोठा असतो की प्रतिपिंडांचा अडथळा फारसा जाणवत नाही. शिवाय प्रतिपिंडे असलेल्या काही रुग्णांत आजार डोळ्यांसमोर असूनही मास स्पेक्ट्रोमेट्रीतही थायरोग्लोब्युलिन सापडत नाही. तो अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नये. प्रतिपिंडांची पातळी मात्र दर वेळी एकाच पद्धतीने, एकाच प्रयोगशाळेत तपासा. किट बदलले की जुन्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. किट गेल्या वेळी बदललेच होते, हे आता लक्षात आले. सर्जनना सुईच्या तपासणीबद्दल आजच सांगतो. उरलेले सीरम गोठवून ठेवले आहे, तोवर ते बाहेर पाठवत नाही.