मदत हवी आहे: १९७८ ची प्रीमियर पद्मिनी घेऊ का? पत्रा सडलाय आणि आरसी मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. सासष्टीतल्या एका गावात १९७८ ची पद्मिनी विकायची आहे असं कळलं, म्हणून रविवारी बघून आलो. मन बसलंय, पण फसायचं नाही.

गाडी घरगुती. मालक अंकल सत्तरीचे, मुलं परदेशात, चालवणारं कोणी उरलं नाही. स्टेअरिंगवरचा गिअर, नंबर अजून गोवा-दमण-दीवच्या काळातला, जीडीचा. सव्वादोन लाख मागताहेत. लहानपणी आमच्याकडे अशीच गाडी होती, चवथीला तिच्यातूनच आजोळी जायचो. दार लावल्याचा तो जड आवाज ऐकला आणि क्षणभर मला काही सुचेना.

इंजिनाची फारशी काळजी वाटत नाही. मी येईपर्यंत सुरू करू नका असं आधीच फोनवर सांगितलं होतं. बॉनेटला हात लावला, गार होतं. चॉक ओढून दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. जरासा निळा धूर आला, मग थांबला. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरी साय नव्हती. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, पण ड्रम उघडून ते होईल.

घोडं अडलंय पत्र्यावर. रबरी मॅट उचलली तर खालचं जाड कापड ओलं. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टोचला, गंजाचे पापुद्रे तळहातावर आले आणि एका जागी आरपार अंगणातली तांबडी माती दिसली. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं. वर घट्ट धरतं, खालच्या चार बोटांत सुटून पडतं, म्हणजे तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. मागच्या चाकांवरच्या कमानीत चिखलाचे गोळे घट्ट बसलेत. आपल्याकडचा पाऊस, खारी हवा आणि वर हा ओल धरून ठेवणारा चिखल! या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच घेते, म्हणून भीती वाटते.

दुसरं म्हणजे कागद. आरसी अंकलच्या वडिलांच्या नावावर, ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुदतही संपलीय. दोन बहिणी आहेत, एक मुंबईत, एक पोर्तुगालात. अंकल म्हणतात, "बाबा, तू घेऊन जा, सही मी देतो." माणूस सरळ आहे, तरी त्यांच्या एकट्याच्या सहीने भागेल असं मला वाटत नाही. ज्यांनी अशी गाडी नावावर करून घेतली असेल त्यांनी कृपया सांगा. आणि तळ एवढा गेलेला असताना ती घेण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद, फोंड्याहून:

कागद होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, विसारसुद्धा नाही. आधी वारसांचं सक्सेशन डीड हवं. गोव्यात ते स्पेशल नोटरीकडे होतं आणि त्यात बहिणी येणारच. मग फॉर्म ३१ भरून आरसी अंकलच्या नावावर, त्यानंतर २९ आणि ३० वर तुमच्या. मुदत संपलेली आरसी तपासणी होऊन पाच वर्षांसाठी वाढते. पण याच्याही आधी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी ताडून बघा. इंजिन नंबरही बघाच. पुष्कळ पद्मिन्यांची इंजिनं मध्येच बदललेली असतात.

तळाला भोक पडलं म्हणून गाडी सोडू नका, तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. खरी परीक्षा दाराखालचा उंबरा, जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे अडकतात ती जागा. छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर सावध. मग एका बाजूने जॅकवर उचला आणि त्या बाजूची दारं उघडून लावून बघा. अडकली तर बॉडी वाकतेय. अशी गाडी मी फुकटसुद्धा घेणार नाही.

कोणी "विंटेजमध्ये नोंदवू" म्हणालं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमानुसार त्याला ५० वर्षं भरावी लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. घेतलीत तर पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा पहिल्या आठवड्यात बदला. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. जॅकची युक्ती मला माहीतच नव्हती. शनिवारी मिस्त्रीला घेऊन परत जातोय, हातोडी आणि पेन्सिल बरोबर. बहिणींचा विषय अंकलकडे आजच फोनवर काढतो. दारं नीट लागली तर लगेच इथे लिहीन.