'थॉर' (२०११) भाचीसोबत पुन्हा बघायचाय : आधी सिनेमा की आधी मूळ कथा?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला सध्या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन देवांच्या कथांनी झपाटलंय. देवांचा राजा ओडिन याने ज्ञानासाठी मिमिरच्या विहिरीत एक डोळा कसा टाकला, आठ पायांचा स्लेपनिर घोडा कोणाच्या पोटी जन्मला, सगळं तोंडपाठ. सुट्टीत ती आमच्याकडे येतेय आणि केनेथ ब्रानाचा 'थॉर' एकत्र बघायचा असं तिने ठरवून टाकलंय. मी तो २०११ साली थिएटरात पाहिला होता. लक्षात राहिला तो हातोडा, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातलं ते छोटंसं गाव आणि ओडिन झालेल्या अँथनी हॉपकिन्सचा आवाज.

माझी अडचण अशी की सिनेमातला ओडिन डोळा गमावतो तो हिमदैत्यांशी लढताना. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच तिला खटकणार. आधीच समजावून सांगू की काही न बोलता बघू देऊ? पुढचे भाग कोणत्या क्रमाने दाखवू? आणि हिंदी की इंग्रजी?

कडकलक्ष्मी
इंग्रजी, सबटायटल्स लावून. ब्रानाची सगळी घडण शेक्सपिअरच्या रंगभूमीवरची. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला सिनेमासुद्धा 'हेन्री द फिफ्थ', १९८९ सालचा. राजा, गादी आणि दोन राजपुत्र हा त्याच्या हातचा विषय आहे. हॉपकिन्स आणि लोकी झालेला टॉम हिडलस्टन यांचे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या आवाजातच ऐकायला हवेत.

पिंपळपार
एरवी इथे नुसता वाचत असतो, पण हा सिनेमा माझा फार लाडका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काही सांगू नका. फक्त पुन्हा बघताना तुम्ही स्वतः थॉरवरची नजर काढून त्याचा धाकटा भाऊ लोकी याच्यावर ठेवा. पहिल्यांदा बघताना आपण गर्विष्ठ राजपुत्र, त्याची हकालपट्टी आणि त्याचं शहाणं होणं एवढंच बघतो. ती गोष्ट छान आहे, पण सरळ आहे. खरी गुंतागुंत धाकट्याची आहे.

सुरुवातीला ओडिन दोन्ही लहान मुलांना सांगतो की गादी एकालाच मिळेल, पण राजा होण्यासाठी जन्मलात तुम्ही दोघंही. पहिल्यांदा हे वाक्य बापाची माया म्हणून कानावरून जातं. लोकी खरं तर हिमदैत्यांच्या राजाचा मुलगा आहे हे कळल्यावर ऐका: दुसरं राज्य कोणतं ते ओडिनच्या मनात तेव्हापासून पक्कं होतं, आणि त्याने ते पोराला सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या न सांगण्यातून घडतं.

मग हिमदैत्यांच्या देशातली, योटुनहाइमची लढाई. हिमदैत्याचा हात लागून थॉरचा सोबती व्होल्स्टॅग याची कातडी करपते, लोकीचा हात मात्र नुसता निळा पडतो. तो क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहतो. गडबडीत हे निसटतं. त्यानंतर कोषागारातला प्रवेश, जिथे लोकी ती निळी पेटी उचलतो आणि मागून बाप थांबवतो. मला विचाराल तर सबंध सिनेमा या प्रवेशासाठी बघावा. हिडलस्टन आधी हळू विचारतो, मग त्याचा आवाज चढत जातो, आणि ओडिन उत्तर पूर्ण न करताच पायरीवर कोसळतो. इतका संतापलेला मुलगा वाकून बापाच्या हाताला स्पर्श करतो, आणि मग पहारेकऱ्यांना हाक मारतो. हिडलस्टनने आधी थॉरच्या भूमिकेसाठी चाचणी दिली होती. लोकी त्याच्याकडे आला हे आपलं भाग्य.

आता मूळ कथेचं. तिथे लोकी ओडिनचा मुलगा नाहीच. तो त्याचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ. 'लोकासेन्ना' या काव्यात देवांच्या मेजवानीत तो ओडिनला त्या शपथेची आठवण करून देतो. लाउफे हा सिनेमात दैत्यांचा राजा आणि लोकीचा बाप, तर कथांमध्ये लाउफे ही लोकीची आई, बाप फारबाउटी. म्हणजे मार्व्हलवाल्यांनी नाती पार उलटीपालटी केली. पण त्या बदलातूनच बाप-लेकाचं नाटक उभं राहिलं, म्हणून मला तो मनापासून पटतो.

गारगोटी
पिंपळपार, लोकीबद्दल +१. पण सिफच्या बाबतीत बदल मला अजिबात पटत नाही. सिनेमात ती थॉरची नुसती लढवय्यी मैत्रीण आहे. मूळ कथेत सिफ थॉरची बायको, तिचे सोनेरी केस लोकी कापतो, आणि ती भरपाई करताना बुटक्यांच्या भट्टीतून सोन्याचे केस, ओडिनचा भाला आणि शेवटी थॉरचा हातोडा घडतो. लोकी माशी होऊन भाता ओढणाऱ्या ब्रॉकच्या पापणीला चावतो, भाता क्षणभर थांबतो आणि हातोड्याचा दांडा आखूड राहतो. सिनेमात हातोडा मरणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात घडला असं सांगितलंय. दांडा मात्र आखूडच ठेवलाय! भाचीला तो दाखवा आणि का ते तिलाच सांगू द्या. अशी मुलं विरस करून घेत नाहीत, फरक पकडण्यात रमतात.

उत्तरवारा
दांड्याचं लक्षातच आलं नव्हतं, हे नक्की करणार. भीतीदायक काही आहे का?

गारगोटी
डिस्ट्रॉयर नावाचं राक्षसी चिलखत गावात जाळपोळ करतो तेवढं. अमेरिकेत सिनेमाला पीजी-१३ (तेराखालच्या मुलांसाठी पालकांनी जपून ठरवा) आहे, पण रक्तपात नाही. मुलं हसतात ती कॉफीचा मग फोडण्यावर आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात घोडा मागण्यावर.

पिंपळपार
क्रमाचं राहिलं. 'थॉर'नंतर लगेच २०१२चा 'अ‍ॅव्हेंजर्स' लावा, कारण लोकीची गोष्ट तिथे पुढे जाते. 'थॉर'ची श्रेयनामावली संपेपर्यंत बसा, दुवा तिथेच आहे. २०१३चा दुसरा भाग ढिला आहे, तरी थॉरची आई फ्रिगा हिच्यासाठी बघा. मग २०१७चा 'रॅग्नारॉक'. त्यात मृत्यूची देवी हेला ओडिनची मुलगी दाखवलीय, कथेत हेल लोकीची. भाची तिथे सिनेमा थांबवून बोलणार, तेवढा वेळ हाताशी ठेवा. २०२२चा चौथा भाग मी सुचवणार नाही. त्यात दुःखाचे प्रसंग आहेत, पण विनोद त्यांना श्वास घेऊ देत नाहीत.

कडकलक्ष्मी
सिनेमानंतर वाचायला 'थ्रिम्सक्विदा' हे जुनं काव्य घ्या. हातोडा चोरीला जातो, थ्रिम नावाचा दैत्य त्याच्या बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो, आणि थॉरलाच नवरीचा वेश घालून पाठवतात. 'नवरी' एक बैल आणि आठ सामन मासे फस्त करते, आणि करवली झालेला लोकी सांगतो की लग्नाच्या ओढीने हिने आठ रात्री अन्नाला शिवलंच नव्हतं. मोठ्याने वाचायचं काव्य आहे ते.

उत्तरवारा
आणि पुस्तक? तिला वाचता येईल असं, आणि एखादं माझ्यासाठी.

कडकलक्ष्मी
तिला रॉजर लॅन्सलिन ग्रीन यांचं 'मिथ्स ऑफ द नॉर्समेन'. तुम्हाला कॅरोलिन लॅरिंग्टन यांनी केलेला 'पोएटिक एडा' या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहाचा इंग्रजी अनुवाद, 'थ्रिम्सक्विदा' आणि 'लोकासेन्ना' दोन्ही त्यात मिळतील. हातोड्याच्या घडणीची गोष्ट मात्र त्यात नाही. ती तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या गद्य एडात आहे, तेव्हा तेही घ्या.